केबिनमधला वास

जवळा बाजारच्या चौकात दहा ड्रायव्हर उभे करा आणि विचारा, बाबांनो, तुम्ही पिकअपच काहून घेतली? दहा जण दहा कारणं सांगतील आणि दहाही खरी निघतील. शेताच्या पांदीत ट्रक शिरत नाही, पिकअप शिरते. ओढ्याच्या दगडधोंड्यावरून पोट न घासता जाते. दारात मावते. सकाळी हळदीची पोती न्या, दुपारी लग्नाची भांडी न्या, बाजारच्या दिवशी म्हशी न्या. तीनचाकी चढावर रडते, ट्रॅक्टर निघाला की कधी पोचेल ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि ट्रक महिना महिना घर दाखवत नाही.

भीमराजही चारचौघांत हेच सांगायचा. पण त्याचं कारण यातलं एकही नव्हतं. खरं कारण त्यानं फक्त राणीला, आपल्या बायकोला सांगितलं होतं. आणि राणीला काही सांगायचं म्हणजे विंचवाला घरचा पत्ता द्यायचा. वेळ आली की ती बरोबर त्या जागी नांगी मारायची.

आधी तो दुसऱ्याची काळी-पिवळी जीप चालवायचा, जवळा ते औंढा ते हिंगोली. जीपमध्ये पुढच्या सीटसाठी लोक भांडतात, हे कुणाला सांगायला नको. पुढं चौघं बसतात, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर लोंबकळतो, तरी पाचवा म्हणतो, थोडं सरका. हिंगोलीच्या स्टँडवर भीमराजचीही पुढची सीट आधी भरायची, कारण तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. पण त्याच्या स्वतःच्या गावच्या फाट्यावर वेगळीच तऱ्हा. वरच्या आळीचा माणूस आत डोकवायचा, ड्रायव्हर कोण ते बघायचा आणि मागं जाऊन कोंबून घ्यायचा. पायरीवर लटकायचा, पण पुढं यायचा नाही. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात तर महिनाभर त्याच्या शेजारची सीट औंढ्यापर्यंत रिकामी गेली. जीपचा मालक म्हणाला, "भीमराज, तू माणूस चांगला हायेस, पण माझ्या चार सवाऱ्या कमी होऊन राहिल्या." आता याच्यावर माणसानं काय बोलावं?

मग चार वर्षं त्यानं ट्रक चालवला. हैदराबाद, नागपूर, इंदूर. धाब्यावर कुणी जात विचारत नाही, एकाच बाजेवर तिघं झोपतात. पण दीड महिन्यानं घरी आला तेव्हा त्याची पोरगी दीक्षा आईच्या पातळामागं लपली आणि म्हणाली, "आई, मामा आला." त्या दिवशी त्यानं ट्रक सोडला.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या साली त्यानं पिकअप घेतली. राणीला म्हणाला, "सवारी जात इचारते. माल इचारत न्हाई. हळदीचं पोतं कुनाच्याबी गाडीत बसते."

राणी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आन पोत्याचा मालक कुठं बसंल?"

याचा मात्र त्यानं विचार केला नव्हता. पिकअपला केबिन असते. ड्रायव्हरच्या शेजारी दोन माणसांची लांब सीट असते. आणि शेतकरी बाजारात माल एकटा सोडत नाही, सौदा होईपर्यंत पोत्याबरोबर असतो. एवढी साधी गोष्ट, पण चार वर्षं ट्रकच्या उंचावरून रस्ता बघितलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

पहिलं भाडं अमृतरावांचं. अमृतराव म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, वीसेक एकर नुसती हळद. भीमराजचा बाप रामजी त्यांच्या बापाच्या काळापासून त्यांच्याकडे बावीस वर्षं सालगडी होता. माणूस वाईट नव्हता, हीच तर तकलीफ. वाईट असता तर भीमराजला सगळं सोपं गेलं असतं. गाडी आली त्या दिवशी अमृतराव स्वतः चालत बुद्धविहाराजवळ आले, स्वतःच्या हातानं चाकावर नारळ फोडला आणि म्हणाले, "रामजी, तुझ्या पोरानं नाव काढलं. माझी सगळी हळद ह्याच गाडीत जाईल." आणि शब्द पाळला. आठ वर्षं त्यांची हळद दुसऱ्या गाडीत गेली नाही.

त्या पहिल्या खेपेला भीमराजनं डावं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा काका." बाप मालक म्हणायचा, पोरगा मुद्दाम काका म्हणायचा. अमृतरावांनी पायरीवर पाय ठेवला, डोकं आत घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. धोतराचा सोगा नाकाला लावला.

"डिझेलचा वास येऊन राहिला रे," ते म्हणाले. "मला आत मळमळते. मी आपला मागं बसतो पोत्यावर. हवा लागते."

आणि पन्नाशीचा तो माणूस धोतर खोचून, फाळक्याला धरून, मागं चढून बसला.

वरच्या आळीच्या बाकी लोकांचीही अशीच काही ना काही कारणं असायची. कुणाला पाय लांब करायचे असायचे, कुणाला तंबाखू थुंकायची असायची, कुणाला पोत्यावर नजर ठेवायची असायची. ती कारणं भीमराजला बरोबर कळायची. तो दार उघडतच नसे, उगाच दोघांची पंचाईत कशाला. पण अमृतरावांचं त्याला खरं वाटलं. नारळ फोडणारा माणूस खोटं कशाला बोलेल? शिवाय त्यांचा चेहरा उतरलेला त्यानं स्वतः बघितला होता. तेव्हा चूक गाडीची. गाडीची चूक तर दुरुस्त होते.

तो दुरुस्तीला लागला. जवळा बाजारला अन्सार मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याच्याकडे जाऊन डिझेलचा पाईप बदलला. टाकीच्या झाकणाचं रबर बदललं. पायाखालची मॅट टाकून नवी घातली. केबिन साबणाच्या पाण्यानं धुतली, उदबत्ती लावली, आरशाला लिंबू टांगलं. कुणी सांगितलं मळमळीवर आवळासुपारी चांगली, तर आवळासुपारीची डबी आणून स्टिअरिंगसमोर ठेवली. प्रत्येक हंगामाला तो नवा इलाज घेऊन दार उघडायचा आणि म्हणायचा, "काका, आता बगा, वास गेला." अमृतराव डोकं आत घालायचे, मान हलवायचे. "कमी झाला. पण हाय अजून थोडा." आणि मागं चढायचे.

तिसऱ्या वर्षी तो पुन्हा अन्सारकडे गेला. म्हणाला, कुठंतरी गळती राहिली असेल, नीट बघ. अन्सार पाठीवर झोपून गाडीखाली गेला, बाहेर आला, केबिनमध्ये बसला, दारं लावून घेतली आणि पाच मिनिटं बसून राहिला. मग उतरून हात पुसत म्हणाला, "भीमराज, मेरी नाक तीस साल से डिझेल में है. तेरे केबिन में बू नई है."

"अमृतरावाले येते ना पण."

अन्सारनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. साठीचा माणूस, चार गावचं पाणी प्यालेला. म्हणाला, "तो फिर वो बू गाडी की नई है, भाई. उसकू मैं दुरुस्त नई कर सकता."

भीमराजला राग आला. असा राग, की महिनाभर तो गॅरेजकडे फिरकला नाही, एक्सलचा आवाज येत होता तरी तशीच गाडी पळवली. खरं बोलणाऱ्याचा राग माणसाला लवकर येतो.

घरात रामजीचं मत तिसरंच. म्हातारा अंगणात बाजेवर बसून हसायचा. "अरे लेका, म्या बावीस वर्सं ह्यांच्या बापाच्या बैलगाडीमागं चाललो. जवळ्याच्या बाजारापत्तोर पायी. गाडी रिकामी असली तरी बस म्हनले न्हाई कवा. आता तू पुढं बसतो आन ते तुह्या मागं पोत्यावर उन्हात. आजून काय पायजे तुला?"

"मला मागं-पुढं नगं, आबा," भीमराज म्हणायचा. "बराबर पायजे."

हे बराबरचं खूळ म्हाताऱ्याला कळायचं नाही. तो त्या तिसऱ्या वर्षीच्याच उन्हाळ्यात गेला, आणि पुढं जे झालं ते बघायला राहिला नाही हे एका परीनं बरंच झालं.

राणीला मात्र सगळं पहिल्या दिवसापासून कळत होतं. "अवं, एवढा तरास कशाला," ती म्हणायची, "केबिनच कापून टाका ना. बिनकेबिनची गाडी करा. समदेच हवेशीर." कधी म्हणायची, "आज वास किती रुपये किलो भेटला?" तरी हीच राणी, जुन्या निळ्या पातळाची दुहेरी खोळ शिवून तिनं त्या डाव्या सीटला घातली होती. नवरा येडा झालाय हे तिला दिसत होतं, पण येडा झाला तरी आपलाच. एकदा मात्र तिनं चिडून पैज लावली. "ज्या दिवशी अमृतराव ह्या सीटवर बसतीन, त्या दिवशी म्या पुरन घालीन. सन असो का नसो."

"घालशील. बगच तू."

त्याची खात्री पटायला आणखी एक गोष्ट घडली होती. अमृतरावांची धाकटी पोरगी गोदावरी, गोदी म्हणायचे तिला, सातवीत होती तेव्हा जवळ्याच्या शाळेतून येताना फाट्यावर उभी होती. एसटी आली नव्हती. भीमराजनं गाडी थांबवली तर पोरगी सरळ डावं दार उघडून आत बसली, आवळासुपारीची डबी अर्धी केली आणि गाव येईपर्यंत बडबडली. उतरताना म्हणाली, "काका, बाबा म्हनतेत वास येतो. इथं तर काहीच येत न्हाई."

भीमराजला केवढा आनंद झाला! त्याला वाटलं, चला, वास गेला. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा फाट्यावर दिसली. त्यानं गाडी थांबवली. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "मी एसटीनंच येते." शहाण्या माणसाला तेवढं पुरे होतं. पण माणसाला जे बघायचं नसतं ते डोळ्यासमोर आलं तरी तो डोळे चोळत बसतो. भीमराजनं ठरवलं, पोरगी मोठी होऊन राहिली, लाजली असेल.

दोन हजार सातच्या वैशाखात त्या गोदीचं लग्न निघालं. मुलगा डोंगरकड्याकडचा, लग्न मुलाच्या गावी, मुहूर्त बारा पस्तीसचा. अमृतराव आठ दिवस आधी घरी आले, अंगणातच उभे राहून म्हणाले, "भीमराज, आंदन तुझ्याच गाडीत जाईल बरं का. कपाट, पलंग, भांडी. दुसऱ्याच्या हाती मी देनार न्हाई. तू घरचाच हायेस."

घरचाच हायेस. हे वाक्य भीमराजनं राणीला तीनदा ऐकवलं. गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, राणीनं निळी खोळ धुऊन, इस्त्री करवून पुन्हा चढवली.

नवरीसाठी मात्र हिंगोलीहून पांढरी कार मागवली होती. तिचा ड्रायव्हर पांढरा शर्ट, काळा चष्मा, तिशीचा पोरगा. त्याला सगळे नुसतं ड्रायव्हरसाहेब म्हणत होते, नाव कुणी विचारलं नव्हतं. सकाळी दोन टेम्पो भरून वऱ्हाड पुढं गेलं, बायाही त्यातच गेल्या. सगळ्यात शेवटी कार निघाली. कारमध्ये अमृतराव, गोदी आणि एक सहा वर्षांची करवली. कारमागं आंदण घेऊन भीमराज.

गावापासून तीन मैलांवर ओढा लागतो. पूल तेव्हा झाला नव्हता. पिकअप ज्या दगडावरून आठ वर्षं डुलत गेली, त्याच दगडावर कारचं पोट बसलं. ऑईल चेंबर फुटलं. काळं तेल ओढ्याच्या वाळूत सांडायला लागलं आणि ड्रायव्हर डोक्याला हात लावून खाली बसला.

साडेदहा झाले होते. रस्त्याला दुसरं वाहन नाही. अमृतरावांनी मोबाईल वर धरून बघितला, रेंज नाही. गोदी मुंडावळ्या सांभाळत उतरली आणि रडायला लागली. मुहूर्त चुकला तर सासरी कायमचं बोलणं खावं लागेल, हे त्या पोरीलाही कळत होतं.

भीमराजला मात्र त्या क्षणी काय वाटलं सांगू? त्याला वाटलं, आली वेळ. दुसऱ्याच्या संकटात आपल्याला बरं वाटावं ही लाजेची गोष्ट, पण वाटलं खरं. तो पळत गेला, डावं दार सताड उघडलं, खांद्यावरच्या रुमालानं स्वच्छ सीट पुन्हा झटकली आणि म्हणाला, "बसा काका. गोदे, बस. बारा वाजायच्या आत पोचवतो. ह्या रस्त्याचा दगड न् दगड माज्या वळखीचा हाय."

अमृतराव जागेवरून हलले नाहीत. त्यांनी गाडीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग जवळ आले आणि भीमराजच्या खांद्यावर हात न ठेवता, पण ठेवल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "भीमराज, एक काम कर. त्या कपाटाला आरसा हाय. खड्ड्यात फुटला तर अपशकुन व्हईल. तो धरायला भरवशाचा मानूस पायजे. तू मागं बस. गाडी हा ड्रायव्हर चालवील."

"काका, आरसा चादरीत बांधला हाय की."

"नवरी हाय रे गाडीत," अमृतराव हळू म्हणाले. "मांडवाच्या दारात चारशे मानसं उभी राहतीन. व्याही इचारतीन गाडी कुनी आनली. पोरीचा प्रश्न हाय. तू घरचाच हायेस, तुला सांगायला काय लागते."

आणि त्यांनी हात पुढं केला. भीमराजनं चावी दिली. हो, दिली. नंतर कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की का दिली. नाही म्हणायला त्याला तोंड होतं, गाडी त्याच्या नावावर होती. पण बापाची बावीस वर्षं हातात असतात. हात आधी पुढं गेला आणि चावी गेल्यावर त्याला कळलं की काय झालं.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला. नवरीला परक्या माणसाशेजारी बसवता येत नाही, म्हणून अमृतराव स्वतः मधे बसले, ड्रायव्हरच्या खांद्याला खांदा लावून. गोदी खिडकीशी, करवली तिच्या मांडीवर. भीमराज मागं चढला. केबिनच्या मागच्या काचेतून त्याला सगळं दिसत होतं. काच सरकवलेली होती, म्हणून ऐकूही येत होतं.

गोदी म्हणाली, "बाबा, तुमाला केबिनमधे मळमळते ना?"

अमृतराव म्हणाले, "गप बस. पदर नीट घे."

पोरीनं एकदा मागं वळून बघितलं. डोळे भरलेले होते, ते माहेर सुटतंय म्हणून की आणखी कशासाठी, भीमराजला कळलं नाही. मग तिनं मान वळवली.

डोंगरकडा तिथून दीड तासावर. दीड तास भीमराज आपल्याच गाडीच्या मागं, कपाटाचा आरसा धरून, वैशाखाच्या उन्हात उभा होता. आठ वर्षं ज्या जागेवर अमृतराव बसायचे तिथं हवा किती लागते ते त्याला आज कळलं. हवा नाही लागत. धूर लागतो, धूळ लागते आणि कमरेला पत्रा लागतो. समोर काचेतून निळी खोळ दिसत होती आणि तिच्यावर अमृतराव. त्यांनी एकदाही नाकाला सोगा लावला नाही. अर्ध्या वाटेत तर त्यांनी डबी उघडून आवळासुपारी खाल्ली आणि ड्रायव्हरलाही दिली. त्याच्या हातावर हात टेकवून दिली.

मुहूर्त सापडला. आरसा फुटला नाही. अमृतरावांनी व्याह्यांसमोर सांगितलं, "गाडी आमच्या घरचीच म्हना ना." भीमराजनं कपाट उतरवलं, पलंग उतरवला आणि मांडवात न जाता गाडीजवळ बसून राहिला. ड्रायव्हर जेवून आला, चावी परत दिली. त्याला कारजवळ ओढ्यावर सोडायचं होतं. परतीला तो डाव्या सीटवर बसला.

ओढ्याच्या रस्त्याला लागल्यावर पोरगा म्हणाला, "दादा, माफ करा. मला ओढ्यावर कळलं न्हाई. मला वाटलं तुमालाच सामानापाशी थांबायचंय. मांडवात लोकं बोलून राहिले तवा कळलं."

"तुमचं काय त्यात, ड्रायव्हरसाहेब."

"मी धम्मानंद," पोरगा म्हणाला. "हिंगोलीचा. जयभीम."

भीमराजनं ब्रेक मारला. भर रस्त्यात गाडी उभी राहिली. तो धम्मानंदकडे बघत राहिला, त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे, काळ्या चष्म्याकडे. मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, डोळ्यात पाणी आलं, रुमाल तोंडाला लावावा लागला. धम्मानंदही आधी हसला, मग त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "शहरातून आलो ना दादा. कुनी इचारलंच न्हाई."

त्याला ओढ्यावर सोडून भीमराज दिवस मावळताना घरी आला. अंगणातच पुरणाचा वास आला. मोटरसायकलवर कुणीतरी आधी येऊन गावात सांगितलं होतं, की अमृतराव पिकअपच्या केबिनमध्ये बसून मांडवात आले. राणीनं लगेच डाळ शिजवली होती. चुलीपुढं घाम पुसत, हसत म्हणाली, "हरले बा म्या. बसले म्हनं अमृतराव?"

"बसले."

"मळमळलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग? काय बोलले तुमच्याशी वाटंनं?"

भीमराज हात धुवायला लागला. एकदा धुतले, पुन्हा साबण लावला. राणी त्याच्या पाठीकडे बघत होती. तिचं हसू हळूहळू उतरलं. "तुमी कुठं व्हते?" तिनं विचारलं.

"मागं. आरसा धरून."

नांगी मारायची वेळ आली होती. आठ वर्षं ती सांगत होती ते खरं ठरलं होतं. पण राणीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. ती उठली, गाडीकडे गेली, डावं दार उघडून निळी खोळ ओरबाडून काढली आणि आणून दारात पायपुसणं म्हणून टाकली. मग तिनं तव्यावर पोळी टाकली. डाळ शिजलेली होती, गूळ घातलेला होता, टाकून कसा द्यायचा? दोघांनी आणि दीक्षानं पुरणपोळी खाल्ली.

पुढच्या हंगामात अमृतराव पुन्हा आले. जसं काही घडलंच नव्हतं. खळ्यावर वीस पोती हळद गाडीत भरली. सवयीनं ते डाव्या दाराशी आले. भीमराजनं दार उघडलं. अमृतरावांनी डोकं आत घातलं, सोगा नाकाला लावला. "अजून थोडा येतेच रे डिझेलचा वास," ते म्हणाले आणि मागं वळले.

"काका," भीमराज म्हणाला. आवाज अगदी साधा. "गोदीच्या लग्नातला तो ड्रायव्हर आठवते का? धम्मानंद नाव त्याचं. हिंगोलीचा. आमच्यातलाच व्हता. जयभीमवाला. दीड तास तुमी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. त्याच्या हाताला हात लावून सुपारी दिली. बराबर?"

अमृतराव थांबले. त्यांनी भीमराजकडे बघितलं, मग केबिनमधल्या सीटकडे बघितलं. चेहऱ्याचा रंग उतरला. ते दोन पावलं बाजूला गेले, बोराट्याच्या झुडपाला धरून वाकले आणि सकाळचा चहा भडाभडा ओकले. साठीचा म्हातारा, धोतरावर शिंतोडे उडालेले, पुन्हा पुन्हा उमासे देत होता.

हे बोलताना आपल्याला गोड वाटेल अशी भीमराजची कल्पना होती. महिनोन्महिने त्यानं ते वाक्य मनात घोळवलं होतं. पण समोर बघताना त्याला काहीच गोड लागलं नाही. आठ वर्षं त्यानं पाईप बदलले, रबरं बदलली, लिंबं टांगली, आणि ज्या मळमळीवर तो औषध शोधत होता ती आज पहिल्यांदा खरी झाली होती. त्याच्यामुळेच झाली होती. पोटातून, आतड्यातून. एवढं खोल आहे हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं केबिनमधून आवळासुपारीची डबी काढली, झाकण उघडलं आणि पुढं धरली. अमृतरावांनी मान हलवली. डबी घेतली नाही. मग ते तोंड पुसत बांधाबांधानं फाट्याकडे चालायला लागले, जीप धरायला.

भीमराजनं डबी परत ठेवली आणि गाडी सुरू केली. शेजारची सीट रिकामी, मागं वीस पोती. हळद गपगुमान बाजारात गेली.